संयमाची किंमत

संयम हा सद्गुण खरा. पण त्याची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असेल, तर त्याची थोरवी कितपत उरते? अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत नॉर्थ अम्पक्वा नदीच्या सुमारें ५० किलोमीटर पात्रांत १९५२ पासून केवळ पिसें-दोऱ्याची खोटी माशी गळाला बांधूनच मासे धरण्याची मुभा आहे. समुद्रांत वाढून नदींत परतणारा रेनबो ट्राउट, म्हणजेच स्टीलहेड, हा तेथील मानकरी. वसंताच्या आरंभीं आज ऊन, तर उद्यां हिमवृष्टि. बर्फ वितळलें कीं पाणी चढून गढूळ होतें, आणि गारठ्यानें मासा सुस्तावतो. अशा दिवसांत सोपें आमिष वर्ज्य करून रिकाम्या हातीं परतणाऱ्याचें व्रत आम्हांस आदरणीय वाटतें. परंतु मासा गळाला लागतांच प्रश्न उभा राहतो. भुकेसाठीं मारणाऱ्यास निदान गरजेचा आधार असतो. मौजेखातर धरून सोडणाऱ्यास कोणता? सोडलेला मासाहि कधीं कधीं मरतोच. कोणी कोणी तर गळाचें टोंकच मोडून टाकतात. मासा माशीवर झेपावला, एवढ्यानेंच त्यांचें समाधान होतें. आमच्या मतें संयम पूर्णतेस पोंचतो तो येथें. हवेपुढें थांबणें हा नाइलाज होय. घेतां येत असतां न घेणें हाच संयम.