भिक्षा आणि नजर

लाओसमधलं लुआंग प्रबांग हे गाव मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावर वसलं आहे. १९९५ साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. रोज पहाटे तिथे भिक्खूंची रांग भिक्षेला निघते. या विधीचं नाव ‘तक बात’. ‘बात’ म्हणजे भिक्षापात्र, आपल्या ‘पात्र’ शब्दाचाच तिकडचा नातलग. परक्या मुलखात असा ओळखीचा शब्द भेटला की भाषांतरकाराला उगाच वाटतं, आता इथलं सगळं आपल्याला कळणार.

मैत्रीण आणि मी उजाडायच्या आत रस्त्यावर आलो. एका विक्रेतीनं चिकट भाताची बांबूची टोपली पुढे केली. मैत्रिणीनं घासाघीस न करता ती घेतली आणि तिथल्याच बुटक्या स्टुलावर बसली. मला ते पटेना. भात विकत, स्टूल भाड्यानं, आणि त्यावर पुण्य! देवळाजवळच्या पाटीवर तर सूचनाच होती : अंतर राखा, फ्लॅश वापरू नका, भिक्षा घालायचीच तर भात रस्त्यावर न घेता सकाळच्या बाजारातून आणा. मी समोरच्या फुटपाथवर, सांगितलेल्या अंतरावर उभी राहिले. कॅमेराही काढला नाही. स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते.

रांग आली. केशरी चीवरं, अनवाणी पाय, अवाक्षर नाही. मैत्रीण मान खाली घालून प्रत्येक पात्रात भाताचा लहानसा गोळा टाकत होती. तिचा अंदाज चुकला. रांग संपायच्या आत टोपली रिकामी झाली. शेवटचे पाच-सहा श्रामणेर, अजून मुलगेच ते, समोरून गेले तेव्हा तिनं नुसते हात जोडले.

पुढे कोपऱ्यावर काही गरीब मुलं टोपल्या घेऊन गुडघ्यांवर बसली होती. भिक्खू आपल्या पात्रातला भात त्यांच्या टोपल्यांत टाकत पुढे गेले. हे मला ठाऊक नव्हतं. घेणारेच देऊ लागले होते! मी टक लावून पाहत राहिले. त्यातल्या एका मुलीनं वर पाहिलं. आमची नजरानजर झाली आणि तिनं टोपली पाठीमागे ओढली.

परतताना मैत्रीण म्हणाली, “भात संपला तेव्हा इतकी लाज वाटली गं, मी मान वर केलीच नाही. तू काय काय पाहिलंस, सांग ना.”

मला सांगता येईना.

माझे आजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले. त्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकच गोष्ट सांगायचे : “वाढताना जी बाई तोंडाकडे बघायची नाही, तिच्या घरचं अन्न गोड लागायचं.” लहानपणी मला ती बाई तुसडी वाटायची.

देणाऱ्याचा हेतू शुद्ध हवा, असं आपण धरून चालतो. मैत्रिणीला मी त्याच मापानं मोजलं होतं. पाटीचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मैत्रिणीच्या देण्यात दोष होताच. पण हेतूची ही चौकशी सगळी देणाऱ्याच्या बाजूची. घेणाऱ्याच्या बाजूनं विचारलं तर प्रश्न बदलतो : घेताना मला कोण पाहत होतं आणि कसं? या कसोटीला मैत्रिणीची खाली घातलेली मान उतरते. मी भात घातला नाही, फोटो काढला नाही, अंतरही मोडलं नाही. तरी त्या पहाटे कुणाचं काही गेलं असेल, तर ते माझ्यामुळे गेलं. पाटीवर पावलांचं अंतर लिहिता येतं, नजरेचं कसं लिहिणार?

त्या मुलीबद्दल मी मैत्रिणीला आजवर सांगितलेलं नाही. इथे मात्र लिहिलं. म्हणजे तिच्याकडे पाहणं अजून थांबलेलं नाही, आणि आता पाहणारी मी एकटी नाही.