जखमी शिपायास शर्यतींत कां उतरवावें?

लढाईंत हातपाय गमावून जो शिपाई घरीं परत येतो, त्याचें आपण देणें लागतों, हें कोणी नाकारीत नाहीं. त्यास औषधपाणी मिळावें, पेन्शन मिळावें, त्याच्या मुलाबाळांची उपासमार होऊं नये, इतकें सर्वांस मान्य आहे. परंतु अशा मनुष्यास चाकांच्या खुर्चींत बसवून मैदानावर आणावें, त्यास भाला फेकावयास किंवा पोहावयास लावावें, आणि अखेरीस एकास पहिला व दुसऱ्यास शेवटचा ठरवावें, हें योग्य आहे काय? ज्याच्या शरीरावर घाव बसला, त्याच्या मनावर पराभवाचा दुसरा घाव कां घालावा? कित्येक कोमल मनाचीं माणसें असें विचारितात, आणि हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

प्रथम ही चाल कशी पडली तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं पाठीचा कणा मोडून ज्याचें कमरेखालचें अंग लुळें पडे, तो मनुष्य बहुधा फार दिवस जगत नसे. अंथरुणास खिळून त्याच्या पाठीस क्षतें पडत, मूत्राशयांत विकार होई, आणि वैद्यही त्याची आशा सोडीत. 1944 सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळांत अशा शिपायांकरितां निराळा विभाग उघडला, व तो डॉक्टर लुडविग गुटमन यांच्या हवालीं करण्यांत आला. गुटमन हे यहूदी. नात्झी सत्तेच्या छळामुळें 1939 सालीं जर्मनी सोडून ते इंग्लंडांत आश्रयास आले होते. प्रत्येक रोग्यास रात्रंदिवस दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें, असा त्यांनीं नियम घातला. त्या साध्या परंतु अखंड सेवेनें माणसें जगूं लागलीं.

पण जगून करावयाचें काय? गुटमन यांनीं रोग्यांस सुतारकाम व घड्याळदुरुस्ती यांसारखीं कामें दिलीं, आणि त्यांस खेळावयास लाविलें. धनुष्य ओढल्यानें दंड, खांदे व पाठ बळकट होतात, आणि पायांत बळ नसतां बसल्या जागीं तोल सांभाळण्याची संवय लागते. तारीख 29 जुलै 1948 रोजीं लंडन शहरीं ऑलिंपिक सामने सुरू झाले. त्याच दिवशीं या इस्पितळाच्या हिरवळीवर 14 पुरुष व 2 स्त्रिया खुर्चींत बसून तिरंदाजीच्या सामन्यांत उतरल्या. पुढें 1952 सालीं हॉलंडचे खेळाडू त्यांस येऊन मिळाले. 1960 सालीं हे सामने रोम शहरीं भरले. त्यांसच आज पहिले पॅरालिंपिक सामने म्हणतात. 2014 सालीं लंडन येथें केवळ जखमी व आजारी शिपायांकरितां 'इन्व्हिक्टस', म्हणजे अजिंक्य, या नांवाचे सामने सुरू झाले, व त्यांत 13 राष्ट्रांचे शिपाई खेळले.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एक दया म्हणते, "तूं बैस, आम्ही सर्व करूं." दुसरी म्हणते, "ऊठ, तुझ्या हातून व्हावयाचें काम अजून राहिलें आहे." पहिलीनें दया करणाऱ्याचें समाधान होतें खरें, परंतु ज्याच्याकडून कोणी कांहीं अपेक्षीत नाहीं, तो हळूहळू कोणाच्या गणतींतही राहत नाहीं. हरावयाचें झालें तरी मनुष्य आधीं गणतींत असावा लागतो. शिवाय या सामन्यांत ज्याचें बळ जितकें उरलें असेल त्याप्रमाणें खेळाडूंचे वर्ग पाडितात, म्हणून दुबळ्यास सबळापुढें विनाकारण उभें करीत नाहींत.

आपल्या सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व पाय निकामी झाले. उपचार म्हणून ते पोहूं लागले, आणि 1972 सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें 50 मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. 2018 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. लोकांनीं त्यांस नुसतें खाटेवर जपून ठेविलें असतें, तर तें त्यांच्या हिताचें झालें असतें काय?

तथापि एक सावधगिरी अवश्य आहे. पदक हें मनुष्याच्या मोलाचें माप नव्हे. ज्यास बोटही उचलवत नाहीं, किंवा ज्याचें मनच लढाईनें फाटून गेलें आहे, असा शिपाई मैदानावर कधीं येणार नाहीं. परंतु त्याचें मोल पदक जिंकणाऱ्याहून तिळभरही कमी नाहीं. पांचपन्नास शूरांसाठीं टाळ्या वाजवून बाकीच्यांस विसरणें, किंवा टाळ्यांच्या आवाजांत त्यांचें पेन्शन व औषधपाणी बुडविणें, हा अन्याय होय. खेळ हा ऋण फेडण्याचा एक मार्ग आहे. त्यानें सर्व ऋण फिटलें असें कोणीं समजूं नये.

वाचकहो, आपल्या गांवांत मैदानें व चाकांच्या खुर्च्या थोड्या. परंतु ओसरीच्या कोपऱ्यांत बसलेला एखादा पंगु मनुष्य बहुतेक गांवांत आहे. त्यास वेळेवर भाकरी मिळत असेल. पण त्याचा सल्ला कोणी विचारितो काय? मुलांस चार अक्षरें शिकविण्याचें, हिशेब ठेवण्याचें, दोर वळण्याचें काम कोणी त्याजपाशीं घेऊन जातो काय? आज भाकर नेऊन द्याल, तेव्हां त्याच्या हातून होईल असें एखादें कामही बरोबर न्या, आणि तें पुरें होईपर्यंत त्याच्यापाशीं बसा.