शाबासकी कशाची?

शाळेच्या बक्षीस-समारंभात पहिल्या तिघांची नावे पुकारली जातात आणि बाकीची मुले टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकताना मला नेहमी एक शंका येते. हा गौरव त्या मुलाच्या विद्येचा, की त्याच्या मागे राहिलेल्यांच्या संख्येचा?

जर्मन शिकणाऱ्या मुलांकडे पाहिले की ही शंका अधिकच बळावते. पुण्यामुंबईकडे अकरावी-बारावीला कित्येक मुले जर्मन घेतात. का, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, ‘स्कोरिंग विषय आहे.’ याला हसण्यात अर्थ नाही. गुणांच्या बाजारात ज्याला उभे राहायचे आहे, तो हिशेब करणारच. कागदाची किंमत काय असते, हे मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला कोणी सांगायला नको. पण अशा मुलाला १०० पैकी ९८ गुण मिळाले, तर आपण शाबासकी कशाला देतो? जर्मनला, की हिशेबाला?

वस्तुतः त्या मुलाने याहून मोठे काहीतरी केलेले असते. जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत. मराठी मुलाला वाटते, तो, ती, ते, हे तर आपलेच घर! पण दोन पावले जातो न जातो तोच ठेच लागते. तिथे सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि ‘मुलगी’ या अर्थाचा रोजचा शब्द चक्क नपुंसकलिंगी. आपल्याला जे स्वाभाविक वाटत होते ते केवळ सवयीचे होते, हे सोळाव्या वर्षी कळणे ही लहान गोष्ट नव्हे. घरी मोठ्यांशी वाद घालणारा मुलगा वर्गात दोन वर्षांच्या पोरासारखा अडखळतो, आणि तरीही बोलतो. या धैर्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही.

युरोप परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाची एक चौकट प्रसिद्ध केली. तिच्यात ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माणूस त्या भाषेत काय करू शकतो, हे सांगितले आहे. कितवा आला, हे नाही. पहिल्या पायरीचा आशय मला फार आवडतो: समोरचा सावकाश, स्पष्ट बोलला आणि मदतीला तयार असला, तर हा साधा संवाद करू शकतो. म्हणजे शिकणाऱ्याच्या यशात ऐकणाऱ्याचा चांगुलपणाही धरला आहे!

कोणी म्हणेल, सगळ्यांनाच गौरवले तर गौरव स्वस्त होईल. मला तसे वाटत नाही. पायरी फुकट मिळत नाही. तिच्यासाठी परीक्षा आहे आणि तीत नापासही होता येते. मात्र त्याच पायरीवर आणखी शंभर जण उभे राहिले, म्हणून तिची उंची कमी होत नाही.

यावर दुसरे टोक गाठून, ‘ज्ञान हेच बक्षीस, गौरव हवाच कशाला?’ असेही म्हणता येईल. पण मुले काही संन्यासी नव्हेत. २०११ च्या करारानंतर केंद्रीय विद्यालयांत जर्मन ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. २०१४ साली, वर्ष चालू असतानाच, सहावी ते आठवीच्या वर्गांत तिच्या जागी संस्कृत आणायचे ठरले. संस्कृतविषयी मला प्रेमच आहे, आणि धोरणाचा वाद मी येथे काढत नाही. पण जी मुले तोवर मन लावून शिकली होती, त्यांच्या श्रमांची मान्यता एका आदेशाने गेली. शिकलेले शब्द मात्र कोणी परत मागू शकले नाही.

म्हणून मला वाटते, मान्यता देणे हे मोठ्यांचे कर्तव्य आहे आणि ती नीट देणे हे त्याहून मोठे. मुलाला सांगावे, ‘परक्या माणसाला तू आता तुझे नाव, गाव, आवडनिवड त्याच्या भाषेत सांगू शकतोस, हे तुला काल येत नव्हते.’ या वाक्यात दुसऱ्या कोणाचा पराभव नाही. आणि त्यात जे सांगितले ते खरे असेल, तर टाळ्या कितीही वाजोत.