दंश आणि गोसेवा



महाभारताच्या शांतिपर्वात कर्णाची एक कथा आहे. गुरू परशुराम त्याच्या मांडीवर मस्तक ठेवून निद्रिस्त झाले असता अलर्क नावाच्या किड्याने त्याची मांडी पोखरली. गुरूंची झोप मोडू नये म्हणून कर्णाने हूं की चूं केले नाही. अखेर वाहत्या रक्ताचा स्पर्श होऊन गुरू जागे झाले. त्यांची दृष्टी पडताच किडा गतप्राण झाला व शापमुक्त झालेल्या राक्षसाने आपले नाव ‘दंश’ असे सांगितले. भृगुऋषींच्या शापामुळे तो मूत्र व कफ यांवर जगणारा कीटक झाला होता.

कर्णाचे मौन हे व्रत होते. दाव्याला बांधलेल्या गाईचे मौन हे व्रत नव्हे. ती असहायता होय.

हे आम्हांस आमच्याच चुकीने कळले. काही वर्षांपूर्वी देवस्थानच्या गोठ्यातील एका गाईस पावसाळ्याच्या अखेरीस ताप येऊ-जाऊ लागला. दूध आटले, डोळे पाझरू लागले, बरगड्या दिसू लागल्या. कोणी म्हणाले, दृष्ट लागली. आम्ही अंगारा लावला, दिवा ओवाळला आणि पंधरा दिवस गमावले. मग पशुवैद्यांनी तिच्या कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतले व सूक्ष्मदर्शकातून आम्हांस दाखविले. रक्तपेशींमध्ये दोऱ्यासारखे सूक्ष्म जंतू वळवळत होते. त्या गाईस औषध उशिरा पोचले. ती वाचली नाही. शेजारच्या दोन गाईंच्या रक्तातही तेच जंतू निघाले. त्यांस वेळेवर उपचार झाले व त्या वाचल्या.

या रोगास ‘सर्रा’ म्हणतात. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्याने घोडे व उंट यांच्या रक्तात त्याचा जंतू प्रथम पाहिला. त्याचा प्रसार मुख्यतः गोमाशी करते. तिची मादी कातडी चिरून रक्त पिते. वेदनेने जनावर शेपूट झाडते, तेव्हा अर्धपोटी माशी रक्ताने माखलेल्या मुखासह शेजारच्या जनावरावर बसते. जंतू त्या मुखात अल्पकाळच जगतो. म्हणून एका दावणीस दाटीने बांधलेल्या जनावरांस धोका अधिक. एकच सुई न उकळता अनेक जनावरांस टोचली, तर माणूसही तेच माशीचे काम करतो.

गोमाशीची पिल्ले डबक्याकाठच्या चिखलात वाढतात. गोठ्यातील दुसरी चावरी माशी शेणात कुजलेल्या ओल्या वैरणीत वाढते. आमच्या गोठ्यामागची मोरी महिनाभर तुंबली होती. ज्या गाईच्या गळ्यात आम्ही हार घालीत होतो, तिच्या पायाशी दंशाचे अन्न आम्हीच साठविले होते.

कोणी विचारील, माशी हाही जीवच. मग अहिंसेचे काय? आमचे उत्तर असे की, हिंसेचा प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था करणे ही पहिली अहिंसा. जेथे घाण साचत नाही, तेथे मारावयास माशी फारशी उरत नाही. आणि आपल्या आळसापायी मुक्या प्राण्याचे रक्त वाहू देणे यास अहिंसा कोण म्हणेल?

आम्ही श्रद्धेस कमी लेखीत नाही. दिवा अवश्य ओवाळावा. परंतु त्याच दिव्याच्या उजेडात गाईचे डोळे, कातडी आणि पायाखालची जमीनही पाहावी. वसुबारसेला सवत्स धेनूची पूजा करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने गोठ्याची मोरी मोकळी करावी, ओले शेण व कुजकी वैरण दूर न्यावी, सायंकाळी धूर करावा आणि ताप आलेल्या जनावराचे रक्त त्वरित तपासून घ्यावे. ज्यांच्या घरी गाय नाही, त्यांनी देवस्थानच्या गोठ्यात एक प्रहर श्रमदान करावे.

गुरू जागे झाले ते रक्ताच्या स्पर्शाने. आपण त्याआधी जागे व्हावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥