नाव एकाकडे, वारसा दुसऱ्याकडे

जून २००० मध्ये ‘डायब्लो टू’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ बाजारात आला, तेव्हा हिंगोली जिल्हा जेमतेम वर्षाचा झाला होता. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघालेला हा जिल्हा, आणि त्यातल्या सेनगाव तालुक्यातलं आमचं पुसेगाव. त्या खेळाला २३३ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम आणि ३२ एमबी रॅम पुरत असे. पुण्या-मुंबईच्या पोरांचं तो खेळून झालं, त्यांच्या घरी नवी यंत्रं आली, तरी आमच्यासारख्या गावांतल्या जुन्या, हातबदल झालेल्या कॉम्प्युटरवर तो सुखाने चालत राहिला. त्यामुळे ‘जुना खेळ’ म्हटलं की शहरातल्या माणसाला बालपण आठवतं, तसं इथे होत नाही. इथे जुना खेळ हाच पुष्कळांचा पहिला खेळ असतो. त्याच्यावर जीव जडतो तो आठवणींमुळे नाही, त्याच्या गुणांमुळे. म्हणूनच पुढे या खेळाचा खरा वारस कोणता, याचा निवाडा अशा खेळाडूने केला तर तो मला जास्त विश्वासाचा वाटतो.

गुण कोणते, ते जवळून बघू. डायब्लो टूमध्ये सामान ठेवायला दहा रकाने आणि चार ओळींची एक चौकट असते. चिलखत सहा घरं खातं, अंगठीला एक घर पुरतं. विस्तारित आवृत्तीत ‘चार्म’ नावाचे ताईत आले. ते जवळ असले तरच ताकद देतात, म्हणजे त्यांनाही याच चौकटीत जागा द्यायची. ताईत वाढवले की तुम्ही बलवान होता, पण राक्षस मारल्यावर जमिनीवर पडलेली लूट उचलायला घर उरत नाही. काय ठेवायचं, काय टाकायचं, हा प्रश्न खेळ दर दोन मिनिटांनी विचारतो. अंगठी पडल्याचा तो बारीक नाद झाला की हात आपोआप ऑल्टच्या बटणावर जातो, नावं उमटतात, आणि पुन्हा तोच हिशोब सुरू होतो.

दुसरा गुण याहून कडक. कौशल्याचा गुण एकदा जिथे खर्च केला तिथे तो कायमचा गेला. २०१० च्या १.१३ या पॅचपर्यंत तो परत मिळायची सोयच नव्हती. चेटकिणीला अर्धी आगीची, अर्धी बर्फाची करून ठेवली आणि वरच्या पातळीवर ती लंगडी पडली, तर नवी चेटकीण घेऊन पहिल्यापासून सुरुवात. कुणाला हा छळ वाटेल. मला वाटतं, याच कठोरपणामुळे ते पात्र ‘माझं’ होत होतं. दुसऱ्याच्या चेटकिणीहून माझी वेगळी, कारण माझे निर्णय वेगळे आणि ते मला निस्तरावे लागलेले.

मे २०१२ मध्ये, बारा वर्षांनी, डायब्लो थ्री आला. पहिल्या दिवशी सर्व्हर कोलमडले, ‘एरर ३७’ जगभर गाजला. पण ते दोन दिवसांचं दुखणं होतं. खरं दुखणं आत होतं. कौशल्यं हवी तेव्हा बदलता येऊ लागली, ताकद-चपळाईचे गुण खेळ स्वतःच वाटू लागला आणि वस्तूंचा लिलाव खऱ्या पैशांत भरू लागला. राक्षस मारून मिळवायची वस्तू दुकानातून घ्यायची झाल्यावर राक्षस मारायचे कशाला? तो लिलाव मार्च २०१४ मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीनेच बंद केला. खेळ देखणा होता, लढाईचा हात तर आधीपेक्षा सफाईदार. नाव तेच, सैतान तोच. पण ज्या दोन गोष्टींवर जीव जडला होता, त्या घर सोडून गेल्या होत्या.

त्या गेल्या कुठे? न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडला ख्रिस विल्सन आणि त्याच्या मित्रांनी २००६ मध्ये ‘ग्राइंडिंग गिअर गेम्स’ ही कंपनी सुरू केली, तीही घरच्या गॅरेजमध्ये. ही माणसं डायब्लो टूची कट्टर खेळाडू. त्यांचा ‘पाथ ऑफ एक्झाइल’ ऑक्टोबर २०१३ मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्यात निष्क्रिय कौशल्यांचं हजारावर फांद्यांचं झाड आहे आणि चुकीची फांदी धरली तर मागे फिरणं महागात पडतं. म्हणजे निर्णयाचं वजन परत आलं.

त्याहून मोलाचं काम त्यांनी पैशाबाबत केलं. डायब्लो टूमध्ये सोन्याची नाणी इतकी साचत की त्यांना किंमतच उरली नाही. मग खेळाडूंनी ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलन म्हणून धरली: एकच घर अडवते, सगळ्यांना हवी असते. पुढे वरच्या दर्जाचे ‘रून’ नावाचे दगड त्या जागी आले. ही व्यवस्था कुणी कंपनीने बसवली नव्हती, खेळणाऱ्यांनी उभी केली होती. पाथ ऑफ एक्झाइलने ती ओळखली आणि सुरुवातीला सोनं ठेवलंच नाही. तिथे खेळाडूंमधल्या देवघेवीचं प्रत्येक चलन म्हणजे वापरायची वस्तू. उदाहरणार्थ, केऑस ऑर्ब दुर्मीळ शस्त्राचे गुण उलटेपालटे करतो. तो खर्च करा नाहीतर बदल्यात द्या. वापरात संपत राहतो म्हणून त्याची किंमत टिकते. जुन्या खेळातली, बनवणाऱ्यांच्याही मनात नसलेली गोष्ट नव्या खेळाचा पाया झाली. हे बारकाईने पाहायला वर्षानुवर्षं तो खेळ खेळलेला माणूसच लागतो.

शिवाय हा खेळ फुकट होता. ज्या घरात क्रेडिट कार्ड नाही तिथे याचा अर्थ किती मोठा, हे वेगळं सांगायला नको. २०१६ नंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि उतरवून घेण्याची अडचणही बरीचशी मिटली.

मूळ खेळाचं तरी वेगळं काय होतं? १९८० च्या सुमाराच्या ‘रोग’ आणि त्यापाठोपाठच्या ‘मोरिया’ या अक्षरांनी काढलेल्या भुयारांवर डायब्लोच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड ब्रेव्हिकचं प्रेम होतं. पहिला डायब्लो त्या प्रेमातून आला. सुरुवातीला तो बुद्धिबळासारखा डावाडावाने चालायचा होता. चाली काढून सलग वेळेत लढाई आणली आणि एक नवाच प्रकार जन्मला. म्हणजे वारसा चालवताना सगळंच जपायचं नसतं. काय सोडायचं ते कळायलाही प्रेमच लागतं.

आपल्याकडे याचं मोठं उदाहरण पैठणला आहे. एकनाथांनी १५७३ मध्ये भागवताच्या एकादश स्कंधावरचा आपला ओवीबद्ध ग्रंथ काशीत पूर्ण केला आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठभेदांनी बिघडलेली प्रत शुद्ध केली. वर, यापुढे कुणी यात पदरची ओवी घालू नये, असंही बजावलं. एकाच माणसाने एका हाताने जुनं होतं तसं राखलं आणि दुसऱ्या हाताने त्याच छंदात, त्याच परंपरेत नवं लिहिलं. आज सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं आणि एकनाथी भागवतही वाचलं जातं. एकामुळे दुसरं मागे पडलेलं नाही.

खेळांच्या जगात ही दोन कामं वेगळ्या हातांनी झाली. राखण्याचं काम सप्टेंबर २०२१ च्या ‘डायब्लो टू: रिझरेक्टेड’ने केलं. त्यात खेळता खेळता जी हे बटण दाबलं की नवं चित्र जातं आणि २००० सालचं जुनं चित्र समोर येतं, कारण आत जुनाच खेळ चालतो आहे, वर फक्त नवा साज आहे. सामानाची दहा बाय चारची चौकटही तशीच ठेवली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो; ती मोठी करा म्हणणारे कमी नव्हते.

नवं करण्याचं काम चालूच आहे आणि ते सोपं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘पाथ ऑफ एक्झाइल टू’ अर्ध्या तयारीत खुला झाला आणि स्टीमवर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक खेळताना दिसले. मूळ बेत दोन्ही भाग एकाच खेळात नांदवण्याचा होता. २०२३ मध्ये ते वेगळे ठेवायचं ठरलं. मग कंपनीची माणसं नव्या भागाच्या कामाकडे वळवली गेली, पहिल्या भागाची पुढची भर जून २०२५ पर्यंत रखडली आणि जुने खेळाडू उघडपणे चिडले. माझ्या मते त्यांचा राग रास्त होता. ज्या खेळाडूंनी दहा वर्षं खेळ जगवला, त्यांनाच ताटकळत ठेवून वारस वाढवायचा, हा व्यवहार बरोबर नाही. कंपनीलाही दिलगिरी व्यक्त करावी लागली.

असे खेळ खेळून निर्मितीकडे वळणारी मुलं आपल्या मुलखातही आहेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने केलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला. भिंतीवरून धावणारी ती मुलगी पाहून प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलेल्यांना आपला जुना राजपुत्र आठवतो, पण तिच्या भोवतीची कथा दुर्गा आणि विष्णू सांगतात. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पहिल्या कलाकृतीच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

गावातली मुलं विचारतात, नवा खेळ घ्यायचा तर कोणत्यापासून सुरुवात करू. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी डायब्लो टू. चेटकीण घे, इंटरनेटवरची तयार बिल्ड बघू नकोस, गुण स्वतःच्या मनाने टाक आणि चुकू दे. ‘नाइटमेअर’ या कठीण पातळीपर्यंत ये. तिथे अडशील तेव्हा ‘पाथ ऑफ एक्झाइल’चं झाड उघड, ते बघून घाबरायला होणार नाही, कारण कोणती फांदी कशासाठी ते तुला अर्धं कळलेलं असेल.