लेकराचा आजार कोणापासून झाकावा?

मुलाला मधुमेह झाल्याचे निदान होताच अनेक घरांत उपचाराच्या आधी एक वाक्य उच्चारले जाते : ‘कुणाला सांगू नका.’ मुलगी असेल तर ते अधिकच दबक्या आवाजात. आज ती सात वर्षांची असते, पण घरच्यांना तिच्या निकाहाची चिंता लागते. ही चिंता खोटी नाही. आपल्याच समाजाने ती निर्माण केली आहे. परंतु असे झाकण्याचा अधिकार आई-वडिलांना आहे काय?

लहानपणीचा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यात स्वादुपिंडातून इन्शुलिन जवळजवळ मिळेनासे होते. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या हयगयीने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. १९२२ साली टोरांटोत एका चौदा वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचले गेले; त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत. (इन्शुलिन पूर्वी डुकराच्या व गाईच्या स्वादुपिंडातून काढीत, म्हणून काही वडीलधारे अजून कचरतात. सूक्ष्मजीवांकडून बनवलेले मानवी इन्शुलिन १९८२ पासून उपलब्ध आहे.)

इन्शुलिन घेतल्यावर मूल जेवले नाही किंवा फार खेळले, तर रक्तातील साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, मूल चिडते, पेंगते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तात्काळ दवाखाना गाठावा. आईला हे सारे ठाऊक असते. (वडिलांनाही असावे, सुई टोचणे हे केवळ आईचे काम नव्हे.) परंतु दुपारी मूल शाळेत असते आणि संध्याकाळी मक्तबमध्ये. सबक घेताना ते पेंगू लागले, तर उस्ताद त्याला आळशी समजून रागावतात. त्यात त्यांचा दोष कसा म्हणावा? त्यांना सांगितलेच कोणी नव्हते.

दुसऱ्याच्या उणिवांवर पांघरूण घालावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. काही जण तिचाच आधार घेतात. पण ते पांघरूण गुन्ह्यासाठी, चुकीसाठी आहे. आजार हा गुन्हा नव्हे. तो गुन्ह्यासारखा झाकला की मूलही स्वतःला गुन्हेगार समजू लागते. मग लग्नघरी पाहुण्यांदेखत सुई काढायची लाज वाटून ते इन्शुलिनच टाळते. तवक्कुलचे नाव घेणाऱ्यांनी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आठवावी. मूल ही अल्लाहची अमानत आहे. आपण ते ज्यांच्या हाती सोपवतो, त्यांना त्याचा आजार सांगणे हा त्या अमानतीचाच भाग होय.

सांगावे म्हणजे मोहल्ल्यात दवंडी पिटावी, असे नव्हे. शिक्षक, उस्ताद, शेजारची खाला, सोबत खेळणारा एखादा जाणता मुलगा, एवढे पुरे. निकाहाची बोलणी निघतील तेव्हा मात्र समोरच्या घरालाही सांगावे. तेथे लपवणे ही माझ्या मते उघड फसवणूक आहे.

मक्तब चालवणाऱ्यांना एक विनंती. दाखल्याच्या अर्जात मुलाच्या आजारासाठी एक रकाना ठेवावा, कपाटात साखरेचा डबा ठेवावा, आणि अशा मुलाने सबक मध्येच थांबवून काही खाल्ले, तर त्याला रोखू नये.