आईची लाज वाटणारी मुलं

नाशिकचे लेखक म्हटलं की कुसुमाग्रज आणि वसंत कानेटकर ही नावं ओठांवर असतात. बाबुराव बागुलांचं नाव येतं, पण जरा उशिरा. विहितगावात १९३० साली जन्मलेला, लहानपणी मुंबईला माटुंग्याच्या लेबर कॅम्पात गेलेला आणि २००८ मध्ये नाशकातच वारलेला हा कथाकार दलित साहित्याच्या खात्यात व्यवस्थित मांडला गेला आहे. स्त्रीवादाची चर्चा निघाली की मात्र त्याच्या कथा कपाटातच राहतात. हे मला पटत नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या बाईचा संताप कथेत नव्हताच. तो ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' या १८८२ च्या निबंधात होता, आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून राहिला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतल्या यमूने स्वतःची कहाणी स्वतः सांगितली, पण ती वाचणाऱ्याला रडवण्यासाठी. त्याच काळात अमेरिकेत केट शोपँने १८९४ मध्ये एका छोट्याशा कथेत नवऱ्याच्या मृत्यूची बातमी ऐकून मोकळी झालेली बायको उभी केली. अशी बायको त्या काळी मराठी मासिकात छापली असती का, याचं उत्तर वाचकांनीच द्यावं.

आपल्याकडे तो धक्का १९३३ साली बसला. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला, आणि विभावरी शिरूरकर ही कोण बाई, की बाईच्या नावाने लिहिणारा बाप्या, याचा शोध सुरू झाला. नावामागे होत्या कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळुताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' या शीर्षकातच एका पिढीची कोंडी आहे. मुलगी शिकली, कमवू लागली, आणि तिची कमाई माहेरच्या घराला इतकी मानवली की तिचं लग्न लांबत गेलं. मुलीच्या मनातली शरीराची ओढ मराठी कथेने पहिल्यांदा इतक्या सरळ ऐकली. पण या मुलींच्या डोक्यावर छप्पर होतं, अब्रू होती. घुसमट होती ती त्या अब्रूचीच.

जिच्या अब्रूची समाजाने कधी दखलच घेतली नाही, अशा बाईचं काय? ती बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या संग्रहात दिसते, आणि त्यानंतर 'मरण स्वस्त होत आहे'मधल्या 'आई' या कथेत. वर्गात मास्तर आईवरची कविता रंगवून शिकवतात, पांडू तल्लीन होतो, आणि थोड्याच वेळात पोरं त्याला त्याच्या आईवरून डिवचतात. तरुण, देखणी, विधवा, कामावर जाणारी ही बाई. वर मुकादमाची नजर. आजारी नवरा जिवंत होता तोवर त्याचा संशय आणि मार, आणि तो गेल्यावर वस्तीची कुजबुज. तिला माणसाचा स्पर्श हवासा वाटतो हे बागूल लपवत नाहीत, आणि त्याबद्दल तिला शिक्षाही सुनावत नाहीत. मुलगा मात्र सुनावतो. तो पळत सुटतो आणि ती मुकादमाच्या मिठीतून सुटायची धडपड करत राहते. कवितेतली आई आणि ही आई यांच्यामधलं सगळं अंतर त्या पोराच्या अंगावर पडतं. साधारण याच सुमारास टिली ओल्सन या अमेरिकन लेखिकेची इस्त्री करता करता थोरल्या मुलीचा हिशेब मनाशी मांडणारी आई वाचकांपुढे आली होती. कष्टकरी आईकडेच जग जाब मागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बागुलांनी त्यात जात घातली, आणि बाईची वासनाही.

बागुलांची मर्यादाही सांगायला हवी. त्यांच्या आईला दुःख आहे, देह आहे. उलटून बोलणं नाही. ते उर्मिला पवारांच्या 'कवच'मध्ये येतं. इथेही मुलगाच आहे, गौऱ्या. आंबे विकणाऱ्या आईला गिऱ्हाइकं द्व्यर्थी बोलतात, याची त्याला शरम वाटते. पण ही आई गप्प बसत नाही. ती त्याच भाषेत असं परतवते की बोलणारेच खजील होतात, आणि तिचं तोंड हेच तिचं कवच आहे हे पोराला उमगतं. मीनाक्षी मून यांच्याबरोबर आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास गोळा करणाऱ्या लेखिकेला ही बाई कल्पनेतून शोधावी लागली नसणार.

गौरी देशपांडे, सानिया, मेघना पेठे यांच्या नायिका स्वतःच्या पायावर उभ्या राहून प्रेमाचे, एकटेपणाचे निर्णय घेतात. ती वाट महत्त्वाची आहेच आणि तिच्यावर भरपूर लिहिलंही गेलं आहे. पण आपल्या स्त्रीवादी कथेचा इतिहास विभावरींकडून थेट गौरींकडे उडी मारतो, तेव्हा कामावर जाणारी बाई मधल्या मध्ये गळते. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?', 'आई' आणि 'कवच' या तीन कथा एका बैठकीत, याच क्रमाने वाचा. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी तर त्या एकाच पुस्तकात शेजारी शेजारी छापाव्यात, आणि बागुलांच्या गावापासून, नाशकापासूनच सुरुवात करावी.